स्टिपेंडियम हंगेरिकम: अर्ज दोन ठिकाणी करायचा असतो

स्टिपेंडियम हंगेरिकम ही हंगेरी सरकारची, भारतीयांनाही मिळणारी शिष्यवृत्ती. तिचा अर्ज कसा करायचा, ते इथे सांगतो. नोव्हेंबर लागला की मला दरवर्षी त्याच धाटणीचे मेसेज यायला लागतात. "दादा, पूर्व युरोपातल्या स्कॉलरशिपची एक मोठी यादी मिळाली आहे. यातल्या कशाला अर्ज करू?" यादी उघडावी तर व्हिसेग्राड, सीपस, कालिनोव्स्की. नावं एकाहून एक भारदस्त, पण यातल्या बहुतेक दारांवर भारतीय पासपोर्ट चालत नाही.

कारण ही दारं आपल्यासाठी उघडलेलीच नव्हती. १९८९ नंतर एकामागून एक कम्युनिस्ट राजवटी कोसळल्या, आणि तिथल्या मुलांना बाहेरची विद्यापीठं दाखवण्यासाठी योजनांची रांग लागली. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये 'टेम्पस' सुरू केला. १९९३ च्या करारातून मध्य युरोपातल्या विद्यापीठांचं आपापसातलं देवाणघेवाणीचं जाळं, म्हणजे सीपस, उभं राहिलं. २००० मध्ये पोलंड, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनी मिळून व्हिसेग्राड फंड काढला. २००६ मध्ये बेलारूसमध्ये निवडणुकीनंतर निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढून टाकलं, तेव्हा पोलंडने त्यांच्यासाठी कालिनोव्स्की शिष्यवृत्ती सुरू केली. यातल्या बहुतेक योजना युक्रेन, जॉर्जिया, मोल्दोव्हा, सर्बिया अशा देशांतल्या मुलांसाठी आहेत. त्यामुळे अशी कुठलीही यादी हातात आली की रक्कम नंतर बघा, आधी 'कोणत्या देशांचे नागरिक पात्र' ही ओळ शोधा. तेवढ्याने निम्मी यादी गळते आणि आठवडाभराची धावपळ वाचते.

एक दार मात्र उलट्या दिशेने उघडलं. युरोपचा टेम्पस कार्यक्रम हंगेरीत राबवण्यासाठी १९९६ मध्ये टेम्पस पब्लिक फाउंडेशन नावाची संस्था स्थापन झाली (पुढे नुसतं 'टेम्पस' म्हणेन ती ही संस्था). आपल्या मुलांना पश्चिमेकडे पाठवायचं, हे तिचं काम. २०१३ मध्ये हंगेरी सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना आपल्याकडे आणण्यासाठी स्टिपेंडियम हंगेरिकम सुरू केली आणि ती चालवायला याच संस्थेकडे दिली. म्हणजे हंगेरीची पोरं बाहेर पाठवता पाठवता जो अनुभव जमला, तो आता आपल्याला आत घ्यायला वापरला जातो. भारतासाठी सरकारी करारानुसार वर्षाला २०० जागा आहेत, बॅचलर्सपासून पीएचडीपर्यंत सगळ्या मिळून. मी स्वतः यातूनच हंगेरीतल्या देब्रेत्सेन शहरात मास्टर्स केलं, तेही दुसऱ्या प्रयत्नात. पहिला प्रयत्न का फसला ते पुढे येईलच.

पैशाचं गणित आधी

फी माफ. पूर्ण माफ, आणि या योजनेतला खरा ऐवज तोच. हॉस्टेलमध्ये जागा फुकट, किंवा बाहेर खोली घेतलीत तर महिन्याला ४०,००० फोरिंटपर्यंत (फोरिंट हे हंगेरीचं चलन) भाड्याला हातभार. हंगेरीची सरकारी आरोग्यसेवा मिळते, शिवाय वर्षाला ६५,००० फोरिंटपर्यंतचा पूरक विमा. बॅचलर्स आणि मास्टर्सला महिन्याचा भत्ता ४३,७०० फोरिंट. पीएचडीला पहिली चार सत्रं १,४०,००० आणि त्यानंतर १,८०,००० फोरिंट.

आता ४३,७०० फोरिंट म्हणजे ढोबळमानाने दहा-बारा हजार रुपये. एवढ्यात महिना निघत नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण 'फुल स्कॉलरशिप' हे शब्द ऐकून घरचे लोक नि:श्वास सोडतात आणि ऑक्टोबरमध्ये पोरगं फोन करून पैसे मागतं तेव्हा वाईट वाटून घेतात. हॉस्टेलमध्ये राहून, स्वतः स्वयंपाक करून, बुडापेस्टबाहेरच्या विद्यापीठात असाल तरी घरून महिन्याला पंधरा-वीस हजार रुपयांची तयारी ठेवा. बुडापेस्टमध्ये खोली घेऊन राहणार असाल तर याहून बरीच जास्त. विमानाचं तिकीट योजनेत बसत नाही, ते आपलं आपण काढायचं.

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून वरचा खर्च भागेल का, असंही काही जण विचारतात. त्या योजनेला क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मधलं विद्यापीठ लागतं आणि हंगेरीचं एकही विद्यापीठ त्यात नाही. तो विचार सोडून द्या.

कागद दिवाळीच्या आधी

अर्ज साधारणपणे नोव्हेंबरात खुले होतात आणि शेवटची तारीख बहुधा १५ जानेवारीच्या आसपास असते. दोन महिने म्हणजे भरपूर वेळ वाटतो. पण मधे दिवाळीची सुट्टी, मग सत्र परीक्षा, मग नाताळ. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या खिडकीवर चकरा मारणाऱ्याला विचारा दोन महिने किती लवकर संपतात. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर एका विषयाचे गुण चुकीचे छापून आले होते, आणि ते दुरुस्त व्हायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात बाकीचा अख्खा अर्ज भरून झाला असता. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज सप्टेंबरमध्ये टाका. सोबत सीजीपीएचं टक्केवारीत रूपांतर कसं करतात याचं विद्यापीठाचं पत्रही घ्या. एटीकेटी लागली असेल तर ती ट्रान्सक्रिप्टमध्ये दिसतेच. लपवायला जाऊ नका.

बाकी लागतं ते असं: दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या मार्कशीट व प्रमाणपत्रं, पासपोर्ट, इंग्रजीचा पुरावा, मोटिव्हेशन लेटर, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोर्टलवरचं सही केलेलं प्रतिज्ञापत्र. पीएचडीसाठी याशिवाय संशोधनाचा आराखडा, दोन शिफारसपत्रं आणि तिथल्या गाइडचं संमतिपत्र. कुठलाही कागद मराठीत असेल, उदाहरणार्थ गावाकडच्या शाळेचा दाखला, तर त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

वैद्यकीय प्रमाणपत्रात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस ए, बी, सी यांचा स्पष्ट उल्लेख हवा. आपल्या फॅमिली डॉक्टरने प्रेमाने लिहून दिलेलं 'फिट फॉर स्टडीज' चालत नाही. आधी चाचण्या करा, मग त्या नावांसकट प्रमाणपत्र लिहून घ्या.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नावाची. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: पाटील स्नेहा संजय. आईचं नाव खाली वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर 'स्नेहा संजय' एका रकान्यात आणि 'पाटील' दुसऱ्यात. पदवीच्या प्रमाणपत्रावर कधी वडिलांचं नाव असतं, कधी नुसतं आद्याक्षर. हंगेरीतल्या कारकुनाला बाप आणि आडनाव यातलं काही कळायचं कारण नाही, त्याला तीन कागदांवर तीन माणसं दिसतात. (गंमत म्हणजे हंगेरीतही आडनाव आधीच लिहितात. त्याचा इथे काडीचा उपयोग होत नाही.) पोर्टलवर नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, त्याच रकान्यात भरा. फक्त क्रमाचा फरक असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं बरं. स्पेलिंगच वेगळं असेल, म्हणजे एका ठिकाणी लक्ष्मण 'एक्स' घालून आणि दुसरीकडे 'केएसएच' घालून, तर पासपोर्ट किंवा मार्कशीट आत्ताच दुरुस्त करून घ्या. निवड झाल्यावर व्हिसाच्या वेळी हे निघालं तर फार पळापळ होते.

इंग्रजीसाठी प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा. कुठे आयईएलटीएस किंवा टोफेलच लागते, कुठे 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' हे कॉलेजचं पत्र पुरतं. ज्या कोर्सला अर्ज करणार त्याच्याच पानावर बघा. मित्राचं चाललं म्हणून तुमचं चालेल असं नाही.

अंतिम वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो, पदवीचा कागद नंतर उन्हाळ्यात अपलोड करायचा असतो. बारावीवाल्यांचं यात बसतं, निकाल बहुधा मे महिन्यात लागतो. पदवीवाल्यांनी मात्र आपल्या विद्यापीठाचा मागच्या तीन वर्षांचा निकालाचा इतिहास बघावा. निकाल जुलैच्या पुढे लांबण्याची सवय असेल तर प्राचार्यांना आणि परीक्षा विभागाला जूनमध्येच गाठून ठेवा.

कोर्स निवडताना

पोर्टलवर दोन कोर्स निवडता येतात आणि त्यांचा पसंतीक्रम लावावा लागतो. अर्ज पाठवल्यावर तो क्रम बदलत नाही. बहुतेक जण दोन्ही ठिकाणी बुडापेस्ट टाकतात, आणि अर्थातच इतर सगळ्या देशांतले अर्जदारही तेच करतात. देब्रेत्सेन, सेगेद, पेच ही काही दुय्यम गावं नव्हेत. पेचच्या विद्यापीठाची परंपरा १३६७ पर्यंत मागे जाते. सेगेदला शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्ग्यी यांनी तिथल्याच लाल ढोबळ्या मिरचीतून क जीवनसत्त्व वेगळं काढलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं. कोविडच्या एमआरएनए लशीमागच्या संशोधक कातालिन कारिको याही सेगेदच्याच विद्यार्थिनी. पहिली पसंती बुडापेस्ट ठेवायची तर ठेवा, दुसरी बाहेरची टाका.

आता एक गोष्ट, जी भारतातले सल्लागार बहुधा सांगत नाहीत. हंगेरीत गेल्यावर एक सत्र जर्मनी किंवा स्पेनला एरास्मसवर, म्हणजे युरोपीय संघाच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून, करून यावं, हे अनेकांचं स्वप्न असतं. पण हंगेरीने आपली बरीच विद्यापीठं सरकारने नेमलेल्या मंडळांच्या विश्वस्त संस्थांकडे सोपवली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने अशा संस्थांशी नवे करार करायला बंदी घातली, त्यात एरास्मसचेही आले. त्यात २१ विद्यापीठं अडकली. देब्रेत्सेन, सेगेद, पेच, सेमेलवाइस, कोर्विनस ही सगळी त्यात. बुडापेस्टचं एल्ते विद्यापीठ सरकारीच राहिल्यामुळे त्यातून सुटलं. हंगेरीने यावर २०२४ मध्ये पानोनिया नावाची स्वतःची पर्यायी योजना आणली. त्यामुळे एक्सचेंज सत्र तुमच्यासाठी महत्त्वाचं असेल, तर पसंतीक्रम लावण्याआधी त्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला थेट ईमेल करा: यंदा एरास्मस आहे की पानोनिया, आणि माझ्यासारख्या परदेशी शिष्यवृत्तीधारकाला त्यात जाता येतं का? उत्तर लेखी घ्या.

भारतासाठी कोणत्या विद्याशाखा खुल्या आहेत ते टेम्पसच्या संकेतस्थळावर भारताच्या पानावर दिलेलं असतं. कोर्स पोर्टलवर दिसतो म्हणजे आपल्याला खुला आहे, असं धरून चालू नका.

दोन अर्ज

इथे माझा पहिला प्रयत्न गेला. मी टेम्पसच्या पोर्टलवर अर्ज केला, पोच आली, निर्धास्त झालो. मार्चमध्ये कळलं की मी भारताच्या यादीत नाहीच.

ही दोन सरकारांमधली योजना आहे. हंगेरीकडे तुमचा अर्ज पोचला, कागद तपासले गेले, तरी 'हा विद्यार्थी आमच्यातर्फे' असं भारत सरकारने कळवल्याशिवाय तो विद्यापीठापर्यंत पुढे सरकत नाही. याला नामांकन म्हणतात. त्यासाठी भारताच्या बाजूला वेगळा अर्ज भरावा लागतो. त्याची सूचना केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि यूजीसी यांच्या संकेतस्थळांवर निघते, आणि कोणत्या पोर्टलवर अर्ज करायचा हे त्या वर्षीच्या सूचनेतच असतं. मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका. दोन्हीकडच्या अंतिम तारखा एकच असतील असंही समजू नका.

माझी पद्धत अशी. आधी टेम्पसचा अर्ज डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण पाठवायचा. त्यातून मिळालेला अर्ज क्रमांक आणि अर्जाची पीडीएफ जपून ठेवायची, कारण भारताच्या अर्जात ती लागू शकते. मग दुसरा अर्ज. दोन्हीकडे नाव, जन्मतारीख, कोर्स आणि पसंतीक्रम अक्षरशः सारखा.

टेम्पसची मुदत तारखेबरोबर वेळेचीही असते, दुपारी २, पण ती मध्य युरोपची. जानेवारीत ते आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. 'शेवटची तारीख १५ म्हणजे रात्री बारापर्यंत' असं समजून बसलेले दरवर्षी सापडतात.

या अर्जांना टेम्पस शुल्क घेत नाही. पन्नास हजार घेऊन 'सीट कन्फर्म' करून देतो म्हणणाऱ्या एजंटाकडे देण्यासारखं काहीही नसतं. नामांकन त्याच्या हातात नाही, प्रवेशही नाही.

मोटिव्हेशन लेटर

एक ते दोन पानं. मी आतापर्यंत वाचलेल्या मसुद्यांपैकी बहुतेकांची सुरुवात 'लहानपणापासून मला विज्ञानाची ओढ होती' अशी होती. ते वाक्य खोडा. पुढे हटकून टागोर येतात. १९२६ मध्ये ते बालाटनफ्युरेदला उपचारासाठी राहिले होते, तिथे त्यांनी झाड लावलं, हे खरं आहे. पण भारतातून येणाऱ्या पत्रांत ते झाड इतक्यांदा उगवलंय की आता त्याचं जंगल झालं असेल.

त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. याच कोर्समधले कोणते दोन विषय तुम्हाला हवेत आणि का? आजवर त्या दिशेने काय केलंत? परत येऊन कुठे, कशावर काम करायचंय? सांगलीच्या एका मुलीने जलव्यवस्थापनासाठी अर्ज करताना कृष्णेला २०१९ साली आलेल्या पुरात आपल्या गल्लीत पाणी कुठवर चढलं आणि नंतर विहिरींच्या पाण्याच्या चाचण्या तिने कॉलेजात कशा केल्या, ते लिहिलं. हंगेरीही डॅन्यूब आणि तिसा या नद्यांच्या पुरांशी झुंजलेला देश आहे, हे तिला सांगावंही लागलं नाही, मुलाखतीत प्राध्यापकांनीच विषय काढला.

मुलाखत

नामांकन झालं की मार्च ते मे दरम्यान विद्यापीठाकडून ईमेल येतं. स्पॅम फोल्डर रोज बघा. कुठे नुसती मुलाखत, कुठे आधी ऑनलाइन परीक्षा. इंजिनिअरिंगला बहुधा गणित आणि भौतिकशास्त्र. वेळ तिथली दिलेली असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे आपल्यातला फरक साडेचार तासांचा साडेतीन होतो. माझ्या ओळखीचा एक जण याच कारणाने तासभर उशिरा हजर झाला. प्राध्यापक निघून गेले होते.

प्रश्न अवघड नसतात, पण ते तुमच्या अर्जातून येतात. प्रोजेक्टमध्ये जे लिहिलंय ते तुम्हीच केलंय का, हे दोन मिनिटांत कळतं. पैशांबद्दल विचारलं तर खरं सांगा, भत्ता पुरणार नाही हे त्यांनाही माहीत आहे.

निकाल लागल्यावर

अंतिम निकाल जून-जुलैमध्ये. त्यानंतर शिष्यवृत्ती स्वीकारत असल्याचं पोर्टलवर कळवायचं आणि लगेच व्हिसाच्या मागे लागायचं. मुंबईत हंगेरीचा महावाणिज्य दूतावास आहे, दिल्लीत दूतावास. शिष्यवृत्तीचं पत्र, प्रवेशपत्र, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि बँकेतली शिल्लक, हे चार कागद आधी तयार ठेवा. मूळ प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का, लागेल का ते विद्यापीठाला विचारा. लागणार असेल तर आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, असा क्रम आहे आणि त्यात गणपतीच्या सुट्ट्या आल्या की संपलंच. सप्टेंबरमध्ये सत्र सुरू होतं.

सोबत दोन महिन्यांचा खर्च न्या. पहिला भत्ता हातात पडायला वेळ लागतो: आधी बँक खातं, मग नेप्तूनवर नोंदणी. नेप्तून ही तिथल्या विद्यापीठांची ऑनलाइन प्रणाली. विषय, परीक्षा, भत्ता सगळं तिथेच. परीक्षेची तारीखही आपण स्वतः निवडून नोंदवायची असते, आणि जागा भराभर जातात. रहिवासी परवाना, पत्ता नोंदल्याचं कार्ड आणि आरोग्यसेवेचं 'तॉय' कार्ड ही पहिल्या महिन्याची कामं. विद्यार्थी ओळखपत्र मिळालं की बस-ट्रेनला मोठी सवलत.

पहिल्या वर्षी हंगेरियन भाषेचा वर्ग सक्तीचा आहे. कंटाळा करू नका. भाषेत अठराच्या आसपास विभक्ती आहेत हे ऐकून घाबरायला होतं, पण 'घरात, घराला, घरून' असं शब्दालाच शेपूट लावून बोलायची सवय आपल्या जिभेला आहेच. वर्गातले इंग्रजी बोलणारे जिथे अडखळायचे तिथे आम्ही दोघे मराठी बरे निभावलो. क्रेडिटची किमान मर्यादा असते, ती चुकली तर शिष्यवृत्ती जाते. पहिल्या सत्रात मोजकेच विषय घेऊन आराम करू म्हणणाऱ्यांनी ती संख्या आपल्या करारात वाचून घ्यावी.

पदवी घेऊन भारतात सरकारी नोकरी किंवा पुढचं शिक्षण करायचं असेल तर समकक्षता, म्हणजे ती पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, लागते. त्यासाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे विनियम आणले. कोर्स निवडतानाच त्यातला कालावधीचा आणि प्रवेशपात्रतेचा भाग वाचा.

नाहीच झालं तर

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. दरम्यान दोन ठिकाणं बघा. एरास्मस मुंडस मास्टर्स, म्हणजे अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेले युरोपीय संघाचे अभ्यासक्रम, यांच्या शिष्यवृत्तीत महिन्याला १,४०० युरो मिळतात. स्पर्धा फार तीव्र असते, पण तिथे नागरिकत्वाची अट नाही आणि चेक, पोलंड, एस्टोनियातली विद्यापीठं अनेक अभ्यासक्रमांत भागीदार आहेत. आणि पूर्ण पदवी नको, एखादं सत्र किंवा काही महिने संशोधन पुरे, असं असेल तर स्लोव्हाकियाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. तिच्या मुदती वर्षातून दोनदा, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबर. तिथेही पहिली ओळ तीच शोधायची, पात्र देशांची यादी, आणि त्याच वर्षीची.